सिकलसेल आहे म्हणून काम बंद का?

विदर्भातल्या बौद्ध वस्तीत सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घरात रुग्ण नसला तरी शेजारी किंवा नात्यात कुणीतरी असते. रक्ताची बाटली, रात्री-बेरात्री उठणारे हाडांचे दुखणे, मेडिकल आणि मेयोच्या रांगा हे सगळे आपल्या परिचयाचे आहे. लग्नाआधी रक्त तपासा, हेही आपण आता सांगू लागलो आहोत. पण एका गोष्टीबद्दल आपण बोलत नाही. हे मूल अठरा-वीस वर्षांचे झाले की काम काय करणार?

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण कितीतरी मुले त्या वयापर्यंत पोहोचतच नसत. आता लसी आहेत, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. मुले मोठी होत आहेत, बारावी करत आहेत, पदवी घेत आहेत. आणि त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. काहींना घरचे लोक मायेने घरी बसवतात. काही जण आजार लपवून मिळेल त्या अंगमेहनतीच्या कामावर जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा खाटेवर येतात. पहिल्याची कमाई बुडते, दुसऱ्याची तब्येत. दोघांनाही एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते. सिकलसेल झालेला माणूस काम करू शकतो, फक्त ते काम त्याच्या शरीराला झेपेल अशा रीतीने मांडावे लागते. तशी मांडणी करून मागणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याच कायद्यात एक मोठी उणीवही आहे, ती शेवटी सांगते.

हा आजार पापाचा नाही, रक्ताचा आहे

सिकलसेल आई-वडिलांकडून येतो. दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण (एसएस) होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. "पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली" असा हिशेब लावू नका. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. वाहक माणूस आजारी नसतो. तो सगळी कामे करू शकतो आणि त्याला अपंगत्वाचे प्रमाणपत्रही मिळत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल जगाला प्रथम सांगितले आणि त्यात आपल्या समाजाचा उल्लेख होता. म्हणून काही लोक याला "महारांचा आजार" म्हणतात. तो गोंडांमध्ये आहे, इतर आदिवासी आणि मागास समाजांत आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक माणूस मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त होती. म्हणून हा गुण त्या प्रदेशांत टिकला. यात जातीचा दोष नाही आणि गेल्या जन्मीचे कर्म तर मुळीच नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे. माणसाच्या दुःखाला त्याचेच मागचे कर्म जबाबदार धरले, की समाज आणि शासन हात झटकून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या घरातली आजी "काय पाप केलं होतं पोरानं" म्हणते, तेव्हा तिला हे प्रेमाने सांगायला हवे.

कामावर शरीरात काय होते

निरोगी माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य कळा येतात. यालाच आपण क्रायसिस म्हणतो. पेशी जास्त वाकण्याची कारणे ठरलेली आहेत : शरीरातले पाणी कमी होणे, अति ऊन, अचानक थंडी, दमछाक करणारी मेहनत, ताप किंवा जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजनची जागा, दारू आणि मनावरचा मोठा ताण.

आता आपल्या मुलांना मिळणारी कामे आठवा. बांधकामावर स्लॅब टाकणे, वीटभट्टी, गोदामात पोती वाहणे, भट्टीपुढे उभे राहणे, शीतगृहात माल लावणे, रात्रपाळीची चौकीदारी. पेशी वाकवणारी जेवढी कारणे आहेत, तेवढी सगळी या कामांत एकत्र भेटतात. नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांना माहीत नसते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. त्यामुळे या माणसाला लघवीला वारंवार जावे लागते आणि तेवढेच पाणी पुन्हा प्यावे लागते. कामाच्या जागी शौचालय नसेल किंवा मुकादम "किती वेळा जातो रे" म्हणून ओरडत असेल, तर माणूस पाणी पिणेच टाळतो. बायकांचे तर विचारूच नका. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या बहिणी सकाळी निघताना पाणी पीत नाहीत, कारण दिवसभर जायला जागा नसते. निरोगी बाई हे सहन करते. सिकलसेलच्या बाईला त्यातून क्रायसिस येतो आणि लोक म्हणतात, ही कामचुकार आहे.

एका तपासणी शिबिरात एक आई मला म्हणाली, "माह्या पोराच्यानं काम नाही होत जी सिस्टर. चार दिवस जाते अन् आठ दिवस पडून राह्यते." मुलगा बाजूलाच मान खाली घालून बसला होता. काम काय करतो, असे विचारले. गोदामात ट्रक खाली करायचा. टिनाचे छत, पाण्याचा माठ दूर फाटकाजवळ, आणि फेऱ्या मोजून पैसे. पाणी प्यायला गेले की फेरी बुडते, म्हणून तो सकाळपासून दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हता. त्याच्या गोळ्याही बंद होत्या, कारण त्या आणायला गेले की रोजी बुडते. मी त्या आईला म्हटले, "माय, पोराच्यानं काम होते. असं काम होत नाही." पोरगा बारावी पास होता. पुढे दुसऱ्या ठिकाणी मालाची नोंद ठेवायच्या कामाला तो लागला. औषध नियमित सुरू झाले. क्रायसिस अजूनही येतो, पण महिन्याला येणारा आता क्वचित येतो आणि नोकरी टिकून आहे.

मालकाकडे काय मागायचे

'दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६' या कायद्यात दिव्यांग माणसासाठी कामाच्या जागी वाजवी सोय करून देण्याची तरतूद आहे. मालकावर झेपणार नाही असा बोजा न पडता कामात किंवा जागेत जो योग्य बदल करता येतो, ती वाजवी सोय. सरकारी कार्यालयांना आणि संस्थांना ती करून देणे बंधनकारकच आहे. सिकलसेलसाठी लागणाऱ्या सोयी फार महागाच्या नसतात :

• बसल्या जागी पाण्याची बाटली ठेवण्याची आणि हवे तेव्हा लघवीला जाण्याची मुभा.
• उन्हातून सावलीतल्या कामावर बदली, निदान मार्च ते जून.
• थेट एसीच्या झोतापुढची किंवा शीतगृहातली जागा बदलून मिळणे. थंडी-पावसात गरम कपडे घालण्याची परवानगी.
• सतत उभे राहण्याऐवजी स्टूल. वजन उचलण्याऐवजी मोजणी, नोंद, तपासणी असे काम.
• रात्रपाळी आणि जादा तासांतून सूट.
• महिन्यातून एकदा दवाखान्याची ठरलेली तारीख, म्हणजे रजेवरून भांडण होत नाही.
• क्रायसिस आला तर लगेच दवाखान्यात जाऊ देणे आणि परत आल्यावर काही दिवस हलके काम.

हे सगळे तोंडी मागू नका. एका कागदावर लिहा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि पोच घ्या. डॉक्टरांनाही नीट सांगा. "आराम करावा" एवढ्या चिठ्ठीने भागत नाही. "यांना वारंवार पाणी पिणे व लघवीला जाणे आवश्यक आहे, उन्हातले व वजनाचे काम देऊ नये, इतर काम करण्यास हे सक्षम आहेत" असे लिहून घ्या. शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. ते नसेल तर मालक त्याच चिठ्ठीच्या आधारे कामावरून काढतो.

काही लक्षणे दिसली तर पाळी संपण्याची वाट पाहू नका. छातीत दुखून धाप लागणे, जोराचा ताप, शरीराच्या एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, अचानक नजर कमी होणे, पुरुषाचे लिंग तासन् तास ताठ राहून दुखणे यांत तासाभराच्या उशिरानेही कायमचे नुकसान होते. लाजू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

हायड्रॉक्सियुरियाबद्दलही एक शब्द. नियमित घेतले तर या औषधाने क्रायसिस कमी होतात, म्हणजे कामाचे दिवस वाचतात. त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी लागते. बाळाचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांपैकी जो कुणी हे औषध घेतो, त्याने आधी डॉक्टरांना सांगावे. बरे वाटते म्हणून मनानेच औषध बंद करू नये.

कायदा काय देतो

आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे मोजकेच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले. त्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांच्याबरोबर सिकलसेलचाही समावेश झाला. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या लोकांनी सिकलसेलग्रस्तांसाठी वर्षानुवर्षे काम केले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आज आपल्या हातात जे आहे, ते अशा लोकांच्या पायपिटीतून आले आहे. संविधानाचे ४१ वे कलमही आठवा. काम, शिक्षण आणि आजारपणात, अपंगत्वात सरकारी साहाय्य यांसाठी राज्याने आपल्या कुवतीप्रमाणे तरतूद करावी, असे ते सांगते.

या कायद्यातून सिकलसेलच्या माणसाला मिळते ते असे.

एक, भेदभावापासून संरक्षण. केवळ अपंगत्व आहे म्हणून सरकारी संस्था नोकरीत भेदभाव करू शकत नाही. फक्त विशिष्ट कामाच्या स्वरूपामुळे सरकारने एखाद्या आस्थापनेला सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी.

दोन, नोकरीत असताना अपंगत्व आले तरी सरकारी नोकरी जात नाही. सफाई कामगार असो की शिपाई, जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारश्रेणीतल्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. पद नसेल तर जास्तीचे पद तयार करून तिथे ठेवावे लागते. महानगरपालिकेलाही हे लागू आहे. कुणी "राजीनामा लिहून दे" म्हणाले, तर सही करू नका.

तीन, उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांत, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला याचा लाभ मिळतो. वयातही ५ वर्षांची सूट आहे. सिकलसेलचा विद्यार्थी यात बसतो.

चार, खासगी आस्थापनांवरही काही जबाबदारी आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. २० किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत हे त्यात लिहावे लागते आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. मुलाखतीला गेलात तर हे धोरण मागा. मागणारे वाढले की धोरण कागदावरून खाली उतरते.

४० टक्क्यांचा आकडा राखीव जागा आणि योजनांसाठी लागतो. वाजवी सोय मागायला तो लागत नाही. २०२१ साली विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. लिहिताना हाताला त्रास होणाऱ्या त्या परीक्षार्थीला लेखनिक नाकारला होता, तो न्यायालयाने मिळवून दिला. २०२४ साली ओंकार गोंड यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. प्रमाणपत्रावर अमुक टक्के आहेत एवढ्यावरून कुणाला वैद्यकीय शिक्षणातून बाद करता येणार नाही, तो माणूस ते शिक्षण घेऊ शकतो की नाही हे प्रत्यक्ष तपासावे लागेल. आपल्या मुलाचे प्रमाणपत्र हातात घेताना हे लक्षात ठेवा. त्यावरचे टक्के त्याच्या आजाराचे आहेत, त्याच्या कुवतीचे नाहीत.

प्रमाणपत्र कसे काढावे

'स्वावलंबन कार्ड' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. घरच्या मोबाइलवरून जमत नसेल तर सेतू केंद्रातून भरा. मग दिलेल्या तारखेला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी होते.

बरेच जण रिकाम्या हाताने जातात आणि कमी टक्के घेऊन परततात. सिकलसेल बाहेरून दिसत नाही. मंडळापुढे त्या दिवशी मुलगा चालत येतो, हसून बोलतो. त्याने वर्षभर काय सोसले, ते कागदच सांगतात. म्हणून एक फाइल करा. त्यात पुढचे कागद हवेत :

• एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल. शिबिरातल्या सोल्युबिलिटी तपासणीतून रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे नक्की कळत नाही.
• प्रत्येक वेळी भरती झाल्याचे डिस्चार्ज कार्ड.
• रक्त चढवल्याच्या नोंदी, तारखेसह.
• ओपीडीचे सगळे कागद. घरीच सहन केलेल्या क्रायसिसची तारीखही वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून कागदावर नोंद करून घ्या.
• खुबा दुखत असेल तर एक्स-रे किंवा एमआरआय. डोळे तपासल्याचा कागद. झटका येऊन गेला असेल तर त्याचे कागद.

शेवटच्या मुद्द्याकडे नीट लक्ष द्या. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजते, माणूस लंगडू लागतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. कुणाची नजर कमी होते, कुणाला पक्षाघात होतो. असे खरोखर झाले असेल, तर मंडळाला फक्त "सिकलसेल" सांगून थांबू नका. पायाच्या किंवा दृष्टीच्या अपंगत्वाची वेगळी तपासणी करा अशी लेखी विनंती करा. त्याचा नोकरीशी थेट संबंध आहे, तो पुढे सांगते. पण खोटे काही लिहून घेऊ नका, दलालाला पैसे देऊ नका. फसवून लाभ घेतला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे. शिवाय एका खोट्या प्रमाणपत्रामुळे दहा खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिले जाते.

कामाच्या शोधात कुठे जावे

पहिली गोष्ट, आपल्या मुलाचे दोन हक्क आहेत. तो अनुसूचित जातीचा आहे आणि दिव्यांगही आहे. बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या नोकरीतही १९९० पासून अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. म्हणून जातीचा दाखला, जात पडताळणी आणि दिव्यांग प्रमाणपत्र हे तिन्ही कागद शाळेत असतानाच तयार ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ करून कागद वेळेत मिळत नाहीत.

नोंदणीसाठी जिल्ह्याचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुने लोक त्याला एम्प्लॉयमेंट ऑफिस म्हणतात. नाव नोंदवताना दिव्यांग असल्याची नोंद करायला विसरू नका. नागपूरला दिव्यांगांच्या कौशल्य विकास आणि पुनर्वसनासाठी केंद्र सरकारचे क्षेत्रीय केंद्र आहे. मुंबईकरांसाठी शीव-चुनाभट्टी भागात दिव्यांगांचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे कुवत तपासून प्रशिक्षण आणि कामाची दिशा देतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी पुण्याच्या बार्टीच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती पाहाव्यात.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि दिव्यांग वित्त व विकास महामंडळ या दोन्हीकडे चौकशी करा. धंदा निवडताना आजार डोळ्यापुढे ठेवा. भर उन्हात हातगाडी ओढण्यापेक्षा मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम, झेरॉक्स आणि अर्ज भरण्याचे दुकान, शिकवणी, हिशेब लिहिणे अशी कामे चांगली. अर्थात यादी एवढीच नाही. शिकलेला मुलगा प्रयोगशाळेत, बँकेत, शाळेत, कोर्टात, कुठेही काम करू शकतो. आपण त्याच्यासाठी फक्त बैठी आणि हलकी कामे शोधत राहिलो, तर त्याचे शिक्षण वाया जाईल.

खासगी नोकरीत असाल तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात होते का ते पाहा. पुष्कळ कंत्राटी कामगारांचे पैसे कापले जातात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. नेहमी २१ हजार रुपये महिना पगारापर्यंत ईएसआय लागू होते, दिव्यांग कामगाराला ही मर्यादा २५ हजार आहे. ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्रायसिसच्या दिवसांत घरची चूल यावर पेटू शकते.

अन्याय झाला तर सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असतो. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

लपवावे की सांगावे

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आई-वडील आजार लपवतात. लपवायचा म्हणून प्रमाणपत्र काढत नाहीत, फाइल ठेवत नाहीत, शाळेत सांगत नाहीत. मग ती मुलगी नोकरीला लागते तेव्हा तिच्या हातात एकही कागद नसतो. दोन वेळा रजा झाली की तिला काढतात आणि ती काही बोलू शकत नाही. लग्नही टिकत नाही, कारण सासरी पहिल्या बाळंतपणात सगळे उघडे पडते.

मालकाला पहिल्याच दिवशी सगळे सांगायलाच हवे असे नाही. आपण काम करू शकतो हे आधी दाखवा. पण सोय हवी असेल तर सांगावे लागेल, आणि लेखी सांगितले तरच कायदा पाठीशी राहील. सोबतच्या एका विश्वासू कामगाराला मात्र नक्की सांगून ठेवा. क्रायसिसमध्ये माणसाला स्वतःला बोलता येत नाही. कोणत्या दवाखान्यात न्यायचे, कोणती औषधे चालू आहेत, हे खिशातल्या एका चिठ्ठीवर लिहिलेले असावे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायाच्या दुखण्याने त्यांची झोप उडत असे. तरीही शेवटच्या वर्षांत त्यांनी धम्माचा ग्रंथ पूर्ण केला. माईसाहेब शुश्रूषा करत होत्या, नानकचंद रत्तू रात्र-रात्र बसून टंकलेखन करत होते. आजारी माणसाला योग्य माणसांची मदत मिळाली तर तो केवढे काम करू शकतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कायद्यातली उणीव आणि आपली मागणी

सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यात १ टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना, १ टक्का कर्णबधिरांना, १ टक्का हातापायांच्या अपंगत्वासाठी, ज्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातले पीडित, स्नायूंचा ऱ्हास हे सगळे येते. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्व असलेल्यांना. या यादीत सिकलसेल नाही. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही नाहीत. म्हणजे कायदा एका पानावर सिकलसेलला अपंगत्व मानतो आणि नोकरीच्या पानावर त्याला बाहेर ठेवतो. कितीतरी मुले दिव्यांग जागेचा अर्ज भरतात आणि कागद तपासणीच्या वेळी बाद होतात. आधी सांगणारे कुणी नसते.

म्हणूनच खुबा, डोळे, पक्षाघात यांची वेगळी तपासणी महत्त्वाची आहे. त्या प्रकारात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व खरोखर असेल, तर त्या गटाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. ज्यांना तसे नाही, त्यांच्यासाठी आज अनुसूचित जातीची जागा आणि भेदभावाविरुद्धचे संरक्षण एवढेच हातात आहे. पण खुबा झिजेपर्यंत थांबा आणि मग आरक्षण घ्या, असे कुठल्याही मुलाला सांगणे माणुसकीला धरून नाही. रक्ताच्या आजारांना नोकरीच्या आरक्षणात जागा द्या, ही मागणी आपण करायला हवी. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. तपासण्या होत आहेत, चांगले आहे. पण आज जी मुले आजारासह वीस वर्षांची आहेत, त्यांना २०४७ पर्यंत पोट भरायचे आहे.

सुरुवात विहारापासून करू या. पुढच्या रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडा. वस्तीतला एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी स्वावलंबन कार्डाचे अर्ज भरून देईल. एक जण फाइल लावून देईल. कुणाचा क्रायसिस आला तर रात्री गाडी कोण काढणार, रक्त कोण देणार, त्यांची नावे आणि फोन नंबर भिंतीवर लावा. कारखान्यात, दुकानात, कार्यालयात काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी आपल्याकडे बसून करण्याचे, सावलीतले काम निघाले तर विहारात कळवावे. आमदार-खासदार जयंतीला येतात, तेव्हा हार घालून झाल्यावर कलम ३४ च्या दुरुस्तीचे निवेदन त्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या.

सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे. प्रामाणिकपणे काम करून जगण्याचा तो मार्ग आपल्या सिकलसेलच्या मुलांसाठीही खुला असला पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!